मोटारीच्या लाकडी चाकाला हात देण्यापूर्वी

आमचा धंदा कापडाचा. पण गेल्या काही वर्षांपासून आमच्याकडे असेही ग्राहक येतात की ज्यांना ना शर्टपीस हवा असतो ना साडी. त्यांना हवी असते जुनी, धुतलेली, पांढरी सुती चिंधी. ही मंडळी म्हणजे फर्निचरला पॉलिश करणारे, गाड्या रंगवणारे, गॅरेजवाले. त्यांच्यापैकी एका पॉलिशवाल्याने अलीकडे आम्हाला विचारले की, एका शौकिनाच्या जुन्या मोटारीची चार लाकडी चाके आली आहेत, मालक म्हणतो चकचकीत करून दे. तर लाखेची पॉलिश मारू की मेलामाइन? सवाल साधा वाटतो, पण त्याचा जबाब साधा नाही. कपाटाची पॉलिश बिघडली तर फार तर पाहुण्यांपुढे मान खाली जाते. चाकाची पॉलिश आतला दोष झाकून बसली तर माणसाचा जीव जातो. म्हणून या पानावर आज कापडाचे भाव बाजूला ठेवून या चाकाविषयी लिहीत आहोत.

प्रथम ही चाके कोणती ते पाहू. मोटार नवी निघाली तेव्हा कारखानदारांनी चाकाची बनावट घोडागाडीवरून आणि तोफगाड्यावरून उचलली. त्यामुळेच अशा चाकाला आर्टिलरी व्हील, म्हणजे तोफखान्याचे चाक, असे नाव पडले. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी या एकाच जातीच्या सुमारे दीड कोटी गाड्या बनवल्या. त्यांतल्या बहुतेक लाकडी चाकांच्या होत्या. एका चाकाला बारा आरे आणि लाकूड हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाचे. डॉज, ब्यूक, शेव्हरोले यांच्याही १९२० ते १९३० मधील कितीतरी गाड्या लाकडी चाकांवर धावल्या. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. पण तोवर तारांची आणि पोलादाची चाके येऊ लागली होती, आणि १९३० नंतर थोड्याच वर्षांत मोटारीच्या चाकातून लाकूड हद्दपार झाले. याचा अर्थ, आज पॉलिशवाल्याच्या दारात येणारे चाक नव्वद ते शंभर वर्षांचे असते. एवढे वय झालेल्या लाकडाकडे त्याच नजरेने पाहावे.

आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी असे चाक हाताळले असेल. पण बंडीचे चाक वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे, आणि एक समजले की दुसरे समजते.

रिद्धपूर हे मोर्शी तालुक्यातले गाव. महानुभावांचे मोठे तीर्थ म्हणून त्याची ख्याती आहे, आणि २०२४ पासून मराठी भाषेचे विद्यापीठही तेथे सुरू झाले आहे. हा मुलूख संत्र्याचा आणि कापसाचा. आमच्या लहानपणी या भागातला कापूस, संत्रा आणि आमच्या वडिलांचे कापडाचे गठ्ठेसुद्धा बंडीवरच चालत. पुढे रबरी टायरची डनलॉप बंडी आली, तिच्यामागून ट्रॅक्टर आणि मेटॅडोर आले. जुनी चाके गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. काही चाके शहरातले लोक हॉटेलच्या दाराशी लावण्यासाठी घेऊन गेले. चाक बसवणारा वाढई आणि धाव चढवणारा लोहार आजही कुठे कुठे आहे, पण त्याच्या हाताला त्या कामाची सवय उरली नाही. शंकरपटामुळे मात्र हलक्या छकड्यांचे काम थोडे टिकून राहिले. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यतींवर बंदी घातली तेव्हा तेही बसले होते. मे २०२३ च्या निकालाने महाराष्ट्राचा कायदा कोर्टात टिकला आणि पटांना पक्का कायदेशीर आधार मिळाला.

बंडीच्या चाकाच्या मध्ये तुंबा असतो. तुंब्यात आरे ठोकलेले असतात. आऱ्यांची बाहेरची टोके पुठ्ठ्यांत, म्हणजे घेराच्या वाकड्या तुकड्यांत, बसवलेली असतात, आणि या सर्वांवर लोखंडी धाव. (उर्दूत आरा म्हणजे मोठी करवत, मराठीत आरा म्हणजे चाकाचा दांडा, आणि आमच्याकडे लाकूड कापण्याच्या गिरणीला आरा मशीन म्हणतात. लाकडाशी या शब्दाचे नाते तिन्हीकडे आहे.) या चाकात मुळात ना खिळा असतो ना सरस. सर्व सांधे धावेच्या दाबावर घट्ट राहतात. लोहार धाव मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित कमी मापाची करतो. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करतो, सांडशांनी धरून चाकावर चढवतो आणि वर पाणी ओततो. हिशेब असा की, पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर होतो सुमारे १८८ इंच. एवढे लोखंड ५०० अंश तापले की ते एक इंचाहून थोडे जास्त लांबते. थंड होताना तेवढेच आखडते आणि आरे, पुठ्ठे, तुंबा यांना एका मुठीत आवळून धरते.

मोटारीच्या चाकाचे तत्त्व हेच, पण बनावट निराळी. त्यात लाकडी तुंबा नसतो. बारा आऱ्यांची आतली टोके पाचरीसारखी तासलेली असतात, प्रत्येक पाचर ३० अंशांची. बारा पाचरी शेजारी शेजारी बसल्या की ३६० अंशांचे पूर्ण वर्तुळ होते. हे वर्तुळ लोखंडाच्या दोन तबकड्यांमध्ये बोल्टने दाबून धरलेले असते. बाहेरच्या बाजूला आऱ्याचे गोल कुसू लाकडी किंवा पोलादी पुठ्ठ्याच्या भोकात शिरते. आरे एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभे असतात. एकाने अंग चोरले की शेजारचे दोन्ही सैल होतात.

आणखी एक फरक फार महत्त्वाचा आहे. बंडीचे चाक बैल ओढतात म्हणून फिरते, ते स्वतः काही ढकलत नाही. मोटारीचे मागचे चाक मात्र स्वतःच्या जोराने जमीन मागे रेटते. इंजिनाचा सगळा पीळ आसातून मधल्या तबकड्यांकडे, तेथून आऱ्यांकडे आणि आऱ्यांतून टायरकडे जातो. ब्रेक लागला की हाच पीळ उलटा येतो. मॉडेल टी गाडीची ताकद वीस घोड्यांची आणि वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटरपर्यंत. हा सर्व भार लाकडाच्या बारा दांड्यांवर येतो. म्हणून मागची चाके आधी सैल होतात, आणि तपासणी तेथूनच सुरू करावी.

आता लाकूड सैल का होते? लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलावा घेतला की फुगते, सोडला की आकसते. पण सर्व बाजूंनी सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ बदलतच नाही. रुंदीत आणि जाडीत बदलते. आरा दोन-चार वर्षांत आखूड होत नाही, पण त्याची पाचर बारीक होते. बारा पाचरी कागदाच्या जाडीएवढ्या जरी आकसल्या तरी बारांची बेरीज मधल्या वर्तुळात पोकळी निर्माण करते. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा भट्टीसारखी कोरडी होते. जुलैत तीच हवा ओल्या फडक्यासारखी. अमेरिकेतले किंवा विलायतेतले चाक वऱ्हाडात वर्षातून एकदा असे फुगते आणि आकसते. चाकावरच्या पॉलिशचे खरे काम हे येणेजाणे मंद करण्याचे आहे. ते पूर्ण बंद करणारी पॉलिश अजून कोणी बनवलेली नाही. चमक ही वरची कमाई.

येथे एका जुन्या सवयीबद्दल लिहिणे भाग आहे. उन्हाळ्यात बंडीचे चाक खिळखिळे झाले की ते नाल्याच्या डोहात किंवा हौदात बुडवून ठेवायचे, असा खेड्यातला रिवाज. लाकूड फुगते, चाक घट्ट होते, शेतकऱ्याचा हंगाम निभावतो. बंडीपुरते हे ठीक होते, कारण पुढे लोहाराकडे जाऊन धाव कापून पुन्हा चढवता येत असे. मोटारीच्या चाकाला ही युक्ती लावू नये. आरे फुगून एकमेकांना दाबतात तेव्हा त्यांच्या अंगातले तंतू चेंगरतात. चेंगरलेले तंतू वाळल्यावर परत उभे राहत नाहीत. परिणामी पाणी सुकले की चाक पहिल्यापेक्षा जास्त ढिले होते. त्याशिवाय लोखंडाच्या तबकडीखाली ओल अडकते आणि लाकूड आतून कुजते. विक्रीच्या आदल्या दिवशी चाके भिजवून घट्ट दाखवणारे लोकही या बाजारात आहेत, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी तपासणी. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरावे आणि हलवावे. खडखड झाली तर ती बेअरिंगची की आऱ्यांची, हे दुसऱ्या माणसाने बोट आऱ्याच्या मुळाशी ठेवून पाहावे. बेअरिंग सैल असेल तर सगळे चाक एकजीव हलते. आरा सैल असेल तर बोटाखाली तबकडी आणि लाकूड यांच्यात हालचाल जाणवते. मग लहान लाकडी हातोडीने एकेक आरा वाजवावा. मडके घेताना जसे वाजवतो तसे. पक्का आरा खणखणीत बोलतो, सैल किंवा तडकलेला भद्द आवाज देतो. सांध्यापाशी काळी रेघ किंवा गंजासारखी तांबूस भुकटी दिसली तर लाकूड लोखंडावर घासत आहे असे समजावे. गाडी हळू चालवताना चाकातून कुरकुर ऐकू येत असेल तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

असा दोष सापडला तर पॉलिशवाल्याने काम थांबवावे, हे आमचे स्पष्ट मत आहे. फटीत पुट्टी किंवा लांबी भरून वर वार्निश मारणे सोपे आहे आणि मालक खूशही होतो. परंतु पुट्टी भार घेत नाही. दहा-वीस मैलांत भुगा होऊन गळते, आणि तोपर्यंत वरच्या चमकेमुळे आतली फट दिसतही नाही. सैल चाकाचा इलाज कारागिराकडे. पुठ्ठ्याच्या सांध्यात पत्र्याची पातळ पाचर घालणे, तबकड्यांचे बोल्ट योग्य दाबाने आवळणे, आणि एवढ्याने भागले नाही तर आरे नवे करणे.

नवे आरे कशाचे करावे? हिकरी आपल्याकडे होत नाही. कित्येक जण डोळे मिटून सागवान सुचवतात, कारण आपल्याकडे चांगले लाकूड म्हणजे सागवान असा समज आहे. सागवान टिकाऊ आहे, वाळवीला दाद देत नाही, पण धक्का खाऊन लवणारे ते लाकूड नव्हे. दाराच्या चौकटीला ते उत्तम, आऱ्याला नाही. आपल्या जुन्या वाढयांना हे पक्के माहीत होते. ते बंडीच्या साट्याला सागवान घेत आणि चाकाला बाभूळ किंवा तिवस. लवचीकपणासाठी धामण आणि धावडा यांचे नाव आहे. कुऱ्हाडीचे दांडे त्यांचेच करतात, आणि जो दांडा कुऱ्हाडीचा झटका सोसतो तोच आऱ्याचे काम करू शकतो. लाकूड सरळ रेषेचे, बिनगाठीचे आणि सावलीत पुरते वाळलेले हवे. मेळघाटातून उतरणाऱ्या लाकडाचा बाजार परतवाड्याला आहे. तेथे पारखणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जावे. ओल्या लाकडाचा आरा आज कितीही घट्ट बसवला तरी पुढच्या उन्हाळ्यात तो हातात येतो.

चाक पक्के ठरल्यावर जुना रंग काढणे. या कामात जितकी घाई तितकी खराबी. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत चाक बुडवले की रंग पटकन निघतो, परंतु सोडा लाकडाच्या पोटात शिरतो, तंतू फुगवतो आणि पुढे महिनोन्‌महिने वरच्या वार्निशला खातो. गॅसच्या बत्तीने सांधे भाजतात. वाळूचा मारा लाकडाच्या रेषांमधला मऊ भाग खाऊन टाकतो आणि आरा धुण्याच्या पाटीसारखा खडबडीत होतो. रंग काढण्याचे तयार द्रावण ब्रशने लावावे, रंग फुगू द्यावा आणि पत्र्याच्या किंवा लाकडाच्या पात्याने काढावा. कोपऱ्यात आमच्याकडचे जुने पॉलिशवाले काचेचा तुकडा वापरतात. हात बसलेला असेल तर त्याहून चांगले हत्यार नाही.

या ठिकाणी जिवाची काळजी घ्यावी. शंभर वर्षांपूर्वीच्या रंगात शिसे असे. सफेदा शिशाचा आणि शेंदूरही शिशाचाच. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशावर दहा लाखांत ९० भाग ही मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तेव्हा जुन्या रंगाचा काही भरवसा नाही. तो कोरडा घासू नये. ओला करून घासावा, तोंडावर चांगला मास्क असावा, आणि खाली पडलेला चुरा गोळा करून बांधून टाकावा. हा चुरा अंगणात उडाला तर सर्वांत आधी लहान मुलांच्या पोटात जातो. चहाचा कप त्या जागी ठेवू नये.

मधल्या तबकड्यांजवळ बहुधा लाकूड काळे आणि तेलकट सापडते; बेअरिंगचे वंगण वर्षानुवर्षे तेथे झिरपलेले असते. त्यावर वार्निश वाळतच नाही. उघड्या हवेत, बिडी-सिगारेटपासून दूर, थिनरने पुसावे, खडूच्या भुकटीचा लेप लावून तेल ओढून घ्यावे. दोन-तीनदा करावे लागते. लोखंडाच्या गंजाचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरतात, पण नंतर स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसून चाक सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्यावे. ते विषारी आहे, हातमोजे हवेत.

घासण्याचे काम ८० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून १२०, १८० असे चढत जावे. कापडी पट्टी आऱ्याभोवती गुंडाळून बूट पॉलिशवाल्यासारखी ओढली की काम लवकर होते, पण रेषेला आडवे ओरखडे पडतात आणि वार्निश चढल्यावर तेच चमकतात. म्हणून अखेरचे घासणे रेषेच्या दिशेने आणि हाताने. आऱ्याची मूळ घडण जाऊ देऊ नये; कुठे गोल, कुठे चपटा, हे कारखान्याने हौसेखातर केलेले नाही.

आता मुख्य सवाल, लावायचे काय? लाखेची पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, घरातल्या लाकडाला शोभते. चाकावर पावसाचे पाणी बसले की ती पांढरी पडते आणि उन्हात मऊ होते. मेणविरहित लाख पहिला पातळ हात म्हणून चालेल, शेवटचा म्हणून नाही. मेलामाइन घरातल्या फर्निचरचे. ड्युको, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा फवारा, चाकाच्या लोखंडावर ठीक. १९२३ मध्ये हा रंग मोटारींसाठी आला आणि आठवड्यांचे रंगकाम दिवसांवर आले, इतका तो त्या काळी क्रांतिकारक होता. पण लाकडाच्या सांध्यावर तो कडक पडतो. चाक चालताना प्रत्येक आरा केसभर लवतो. कडक थर सांध्यावर तडकतो, त्या तडीतून पाणी आत जाते आणि थरामुळे बाहेर येऊ शकत नाही. दोन डब्यांच्या पीयूची चमक काचेसारखी, परंतु सांध्यावर त्याची तक्रारही हीच, आणि पुढे दुरुस्त करायचे तर सगळा खरवडावा लागतो.

नुसते बेल तेल पाजले तर? जवस आपल्या विदर्भाचे पीक, आणि बंडीच्या चाकाला तेल पाजण्याची चाल जुनी आहे. रोज वापरायच्या बंडीला ते पुरेसे. मोटारीच्या चाकावर ते चिकट राहते, धूळ धरते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येते.

आमच्या पाहण्यात टिकणारे काम एकच, ते म्हणजे जहाजाच्या डोलकाठीला लावतात ते तेलाच्या जातीचे वार्निश. बाजारात मरीन किंवा स्पार वार्निश म्हणून मागावे. डोलकाठी वाऱ्यात वाकते आणि उन्हात तापते, म्हणून त्यात तेलाचा भाग जास्त ठेवलेला असतो. थर लवतो, तडकत नाही. ऊन सोसण्याचे द्रव्यही त्यात घातलेले असते. तालुक्याच्या दुकानात ते हमखास मिळेलच असे नाही. मागवावे लागते, पण बदली माल घेऊ नये.

पहिला हात निम्मे वार्निश, निम्मे टर्पेंटाइन असा पाण्यासारखा पातळ द्यावा. तो आऱ्याच्या टोकांना आणि सांध्यांना पोटभर पाजावा, कारण लाकूड ओलावा सर्वांत जास्त कापलेल्या टोकातून पिते. चाक सुटे करून काम होत असेल तर कुसवाची टोके आणि पाचरीची अंगेसुद्धा याच पातळ हाताने बंद करावीत. परंतु पाचरीच्या अंगावर आणि तबकडीखाली जाड थर चढवू नये. लाकडाला लाकूड आणि लाकडाला लोखंड थेट भिडले पाहिजे. मध्ये वार्निशची साय राहिली तर ती दबत जाते आणि आवळलेले बोल्ट महिन्याभरात सैल पडतात. दिसायला सुंदर काम करणारे पुष्कळ जण येथे चुकतात.

त्यानंतर पाच ते सहा हात, प्रत्येकाला एक पूर्ण दिवस, आणि मध्ये ३२० नंबरच्या पेपरने हलके घासणे. वार्निशचा डबा हलवू नये, बुडबुडे येतात. चाक आडव्या दांड्यावर अडकवून ठेवावे आणि हात दिल्यावर मधून मधून सावकाश फिरवावे, म्हणजे ओघळ येत नाहीत. सकाळी जमिनीवर सडा टाकावा, पंखा बंद ठेवावा. मोसम दिवाळी ते होळी; त्यातही रात्री दव पडते म्हणून हात दुपारपूर्वी आटोपावा. मे महिन्यात वार्निश ब्रशखालीच ओढते, जुलैत वाळत नाही. शेवटच्या हातानंतर आठवडाभर चाक चढवू नये. म्हणजे सगळे मिळून पंधरा-वीस दिवस झाले. चार दिवसांत चार चाके देतो म्हणणाऱ्या कारागिराला चाके देऊ नयेत.

आता आमच्या धंद्याचे दोन शब्द. धूळ पुसायला नवे कापड घेऊ नये. नव्या कापडात मांड आणि खळ असते, ती वार्निशला लागली की डाग पडतो. चार-सहा वेळा धुतलेली पांढरी मलमल किंवा बनियनची होजियरी सर्वांत चांगली. रंगीत चिंधी थिनरमध्ये रंग सोडते. लाल रंगाचा तर काही भरवसाच नाही. टेरिकॉट तेल पीत नाही, उलट घासल्याने धूळ ओढते. कापडाच्या कडा आत दुमडाव्यात, नाहीतर सूत निघून वार्निशमध्ये अडकते.

आणि सर्वांत महत्त्वाचे. जवसाचे तेल किंवा तेलाचे वार्निश लागलेल्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल नुसते सुकत नाही, ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि त्यात उष्णता निर्माण होते. पसरलेल्या फडक्यातून ती निघून जाते. गोळ्यात ती कोंडते, कारण कापूस उष्णता धरून ठेवतो. रजईचे तत्त्वच ते. काही तासांत आतून धूर येतो आणि काडी न लावता गोळा पेटतो. जिनिंग आणि गिरण्यांतल्या जुन्या माणसांना तेलकट सुताची ही खोड ठाऊक होती. काम संपले की प्रत्येक फडके दोरीवर सुटे वाळत घालावे किंवा पाण्याच्या बादलीत टाकावे. हे दुकान बंद करण्यापूर्वी झालेच पाहिजे, उद्या सकाळी नाही.

रंग की लाकूड उघडे, याबद्दल मालकाशी आधी बोलावे. आज सर्वांना लाकडाची रेघ दिसायला हवी असते, परंतु कारखान्यातून निघालेली बरीच चाके रंगवलेली होती. १९१४ ते १९२५ पर्यंतची मॉडेल टी तर काळ्या रंगातच मिळे. जुना रंग काढताना तळाचा थर कोणता आणि त्यावर बारीक रेघांचे लायनिंग होते का, हे पाहून फोटो काढून ठेवावा. शर्यतीत नव्हे पण मोटारींच्या प्रदर्शनात अस्सलपणाला गुण असतात. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळे नोंदणी-नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा नंबर मिळतो. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये ठरली आणि ती दहा वर्षे चालते. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर येते. म्हणजे या शौकाला आता सरकारी चौकट आहे आणि मालक पैसा खर्च करायला तयार असतो. हुनर असलेल्या हाताला येथे काम आहे, मग तो हात नागपूरचा असो की मोर्शीचा.

कारागिराने बिलात तपासणी, सांध्यांचे काम आणि पॉलिश अशा तीन रकमा वेगळ्या लिहाव्यात. तपासणीचे पैसे मागायला लाजू नये. डॉक्टर नाडी पाहण्याचे घेतोच. मालकाने सैल चाकावर नुसती पॉलिश मागितली तर काम सोडावे. सोडवत नसेल तर निदान चाक चालवण्यालायक नाही, फक्त शोभेचे आहे, असे बिलावर लिहून मालकाची सही घ्यावी आणि एक प्रत आपल्याकडे ठेवावी.

तयार चाकाची देखभाल फार नाही. पाण्याच्या प्रेशरने धुऊ नये, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. गाडी उन्हात उभी करू नये आणि ओल्या जमिनीवरही नाही. महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर आसाखाली ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढावा. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आरे पुन्हा वाजवून पाहावेत, बोल्ट तपासावेत, आणि जेथे वार्निशची चमक मेली असेल तेथे हलके घासून एक हात द्यावा. वार्निश फुटून लाकूड उघडे पडण्याची वाट पाहिली तर पुन्हा सगळे खरवडण्यापासून सुरुवात करावी लागते.